गोंड्याला शिवलेला हात: सांगलीतल्या एका मंडळीत येशूचं चित्र ठरलं त्याची हकीकत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आत गेलो तर बाकं उलटीपालटी, पेटीचा भाता फुगून फाटलेला, गीतांच्या पुस्तकांचा लगदा आणि चारही भिंतींवर एकाच उंचीची तपकिरी रेघ. त्या रेघेखाली येशूचा फ्रेम केलेला फोटो होता. फ्रेम जागेवरच होती, आतला कागद मात्र ओला होऊन काचेला घट्ट चिकटला होता.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. छापील कागद काचेला चिकटला तर तो ओढायचा नाही, काचेसकट स्वच्छ पाण्यात भिजत ठेवायचा आणि सुटेल तसा सुटू द्यायचा, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी खोलीत दहा जण फावड्यानं गाळ ओढत होते, वास मारत होता, आणि मी घाई केली. एक कोपरा धरून कागद उचलला. केस, खांदे, मागचा अंधार कागदाबरोबर आला. चेहरा काचेवरच राहिला. काच उलटी करून बघितली तर नाक, डोळे, दाढी तेवढी चिकटलेली, आणि हातातल्या कागदावर त्या जागी पांढरट लव.

नवा फोटो आणायचा एवढंच काम होतं. त्याला दीड वर्ष लागलं. मधे मंडळीत जी बोलणी झाली ती मी तेव्हाच वहीत टिपून ठेवली होती. दुसऱ्या मंडळ्यांतही हा प्रश्न आता निघायला लागलाय, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो. माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

तीन मतं

ऑक्टोबरात एका रविवारी उपासनेनंतर लोक थांबले. महिला मंडळाचं म्हणणं सरळ होतं: तोच फोटो पुन्हा आणा, फ्लेक्सवाल्याकडे सांगितलं तर संध्याकाळी मिळेल. तरुण संघाचं म्हणणं, तो गोरा, निळसर डोळ्यांचा, अमेरिकन वाटणारा येशू आता नको. आपल्यातलाच एक मुलगा कला महाविद्यालयातून शिकून आलाय, त्याच्याकडून आपल्यासारखा दिसणारा येशू काढून घेऊ.

तिसरं मत मंडळीच्या एका वडिलांचं. मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना आमच्याकडे वडीलच म्हणतात. हे सत्तरीतले, निवृत्त शिक्षक. ते उभे राहून म्हणाले, "फोटो वाहून गेला, बरं झालं. दहा आज्ञांत काय लिहिलंय ते पोरांना पाठ करायला लावता ना? आपले आजे-पणजे देव्हाऱ्यातून बाहेर पडले ते पुन्हा भिंतीवर देव टांगायला नव्हे." हे बोलणं कुणी हसण्यावारी नेलं नाही, आणि नेऊही नये. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनमधून आलेल्या आमच्या मंडळ्यांत उपासनेच्या जागेत आजही चित्र नसतं. फोटो होता तो मुलांच्या खोलीत.

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, त्या दिवशी मतं घेतली नाहीत. मला म्हणाले, "सर, आधी माहिती काढा. येशूला हा चेहरा आला कुठून, ते लोकांना कळू दे. मग ठरवू."

चेहरा आला कुठून

पहिली गोष्ट मी सांगितली ती म्हणजे चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांत, तो दिसायला कसा होता याबद्दल एक ओळ नाही. उंची नाही, रंग नाही, केस नाहीत. उलट गेथशेमाने बागेत शिपायांना तो ओळखू यावा म्हणून त्याला पकडून देणाऱ्या शिष्याला, यहूदा इस्कार्योताला, मुका घेऊन खूण करावी लागली. म्हणजे शिष्यांच्या घोळक्यात तो वेगळा उठून दिसत नव्हता. बायबलातल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ५३ व्या अध्यायातल्या सेवकाचं वर्णन ख्रिस्ती लोक येशूला लावतात. तिथे तर त्याला रूप नव्हतं, बघत राहावं असं सौंदर्य नव्हतं, असंच म्हटलंय. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात लोकरीसारखे पांढरे केस आणि भट्टीतल्या पितळेसारखे पाय आहेत, पण तो दृष्टान्त आहे.

मग चित्रं. सीरियात दुरा-युरोपस नावाच्या गावी एका घरातल्या उपासनेच्या खोलीत, इ.स. २३५ च्या आसपास रंगवलेला येशू सापडला आहे. पक्षाघाती माणसाला तो बरं करतोय. त्याला दाढी नाही, केस आखूड आहेत, पोरसवदा वाटतो. रोमच्या भुयारी दफनभूमीत तो खांद्यावर मेंढरू घेतलेला तरणा मेंढपाळ आहे, तोही बिनदाढीचा. लांब केस आणि दाढी चौथ्या शतकापासून पुढे रुळत गेली. सिनाय पर्वताजवळच्या मठातलं प्रसिद्ध चित्र सहाव्या शतकातलं. तोवर रोमन सम्राट ख्रिस्ती झाले होते, आणि सिंहासनावर बसायला भारदस्त चेहरा हवा होता. तो ग्रीक देवांच्या आणि तत्त्वज्ञांच्या पुतळ्यांवरून घेतला असावा, असं कलेचे अभ्यासक मानतात.

इथे एका काकूंनी मला अडवलं. "पण सर, पौलानंच लिहिलंय की पुरुषानं केस वाढवणं शोभत नाही. मग येशूचे केस खांद्यापर्यंत कसे?" पौल या प्रेषिताच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला ११ वा अध्याय त्यांना तोंडपाठ होता. मी म्हटलं, काकू, चित्रकारांनी तो अध्याय वाचला नसावा. येशूचं रूप सांगणारं एक पत्रही मध्ययुगात युरोपभर फिरत होतं, लेंटुलस नावाच्या रोमन अधिकाऱ्याचं म्हणून. मधोमध भांग, खांद्यावर रुळणारे केस, दुभंगलेली दाढी, सगळं त्यात होतं. ते पत्र बनावट ठरलं. वर्णन मात्र चित्रांत राहून गेलं.

काचेवर राहिलेला आमचा चेहरा तर याहून कितीतरी अलीकडचा निघाला. वॉर्नर सॉलमन या शिकागोच्या चित्रकारानं १९२४ मध्ये एका मासिकासाठी काढलेलं कोळशाचं रेखाटन १९४० मध्ये तैलरंगात केलं. त्याच्या ५० कोटींच्या वर प्रती जगभर गेल्या, पाकिटात मावणाऱ्या कार्डापासून कॅलेंडरपर्यंत. आमच्या खोलीतली त्यातलीच एक. म्हणजे ज्याला आम्ही पहिल्यापासूनचा येशू समजत होतो तो आमच्या आजींहून लहान.

दुसऱ्या रविवारी मी बाकीच्या जगाची चित्रं मोबाइलवरून पडद्यावर दाखवली. इथिओपियातले काळेभोर मोठ्या डोळ्यांचे प्रेषित. मेक्सिकोची ग्वादालुपेची सावळी मरीया, जिच्या दर्शनाची कथा १५३१ सालची. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना लोकांनी कान्नोन या बौद्ध देवतेच्या रूपात जपलेली मरीया. १५८० मध्ये जेजुइट पाद्री अकबराच्या फत्तेपूर सिक्रीला आले, त्यानंतर बादशाही चित्रकारांनी युरोपी छापील चित्रांवरून काढलेले येशू-मरीया. साडी नेसवलेली वेलांकण्णीची माता आमच्यातल्या काहींनी प्रत्यक्ष पाहिली होती. आफ्रिकेतल्या काँगोच्या किंपा व्हिटाची गोष्ट सांगताना मात्र खोली गप्प झाली. येशू आपल्या देशात जन्मला, तो आपल्यासारखा काळा होता, असं सांगत फिरणारी ही विशीतली बाई. १७०६ मध्ये तिला जिवंत जाळलं. तिच्या शिकवणीत इतरही बऱ्याच गोष्टी चर्चला न पटणाऱ्या होत्या, पण त्यातली ही गोष्ट आमच्या लोकांच्या मनात बसली.

आपल्याकडचा अँजेलो द फोन्सेका मी शेवटी ठेवला होता. हा गोव्याचा, जन्म १९०२ चा. शांतिनिकेतनात शिकला. मरीयेला साडी नेसवली, तिला इथल्या बाईचा चेहरा दिला, म्हणून गोव्यात त्याच्यावर सडकून टीका झाली, आणि पुढचं बरंचसं आयुष्य त्यानं पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काढलं. १९६७ ला गेला. पुण्याला इतका जवळ राहून गेलेला हा माणूस आमच्या मंडळीत एकालाही माहीत नव्हता, मला धरून.

आणि हे करता करता माझ्याच ध्यानात एक गोष्ट आली. शब्दांतला येशू आपल्याकडे केव्हाच मराठी झाला होता. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं १६१६ मध्ये गोव्यात त्याचं चरित्र मराठी ओवीत छापलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याला गुरू म्हटलं, माउली म्हटलं, अभंगात बसवलं. आमच्या शेजारच्या साताऱ्यात त्यांनी १९१७ मध्ये देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची खुली मंडळी सुरू केली. दर रविवारी आम्ही टाळ-पेटीवर जे गातो त्यात ओवी आहे, अभंग आहे, साकी आहे. कानांनी तीनशे-चारशे वर्षांपूर्वी केलेलं काम डोळ्यांनी केलंच नव्हतं. चित्र बाहेरून गुंडाळी होऊन यायचं आणि आम्ही ते चुका मारून भिंतीवर लावायचो.

पावडर

तरुण संघाला हा प्रश्न इतका का लागला होता, ते मला आधीपासून माहीत होतं, कारण त्याचं मूळ माझ्याकडे होतं.

२०१८ च्या नाताळच्या नाटकात मरीयेचं काम करायला नववीतली एक मुलगी निवडली. पाठांतर चोख, आवाज स्वच्छ. रंगानं काळी. तयारीच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "मरीया जरा उजळ दिसायला पाहिजे, नाहीतर लाइटमध्ये चेहराच दिसायचा नाही." मेकअपचं माझ्याकडे होतं. मी तिच्या तोंडाला, मानेला पावडर थापली, वर गुलाबी रूज लावलं. हातांना लावायचं राहून गेलं. बाळ येशूची बाहुली घेऊन ती गव्हाणीशी बसली तेव्हा चेहरा एका रंगाचा, हात दुसऱ्याच. बाहुली तर दुकानातली, गुलाबी. समोरच्या रांगेतली दोन मुलं हसली. पुढच्या वर्षी तिला विचारलं तर म्हणाली, मी मेंढपाळांत उभी राहीन.

हे मी मंडळीसमोर सांगितलं. सांगणं सोपं नव्हतं. तिची आई तिथेच बसली होती.

शाळेत मी रोज बघतो. मुलं खडूची पेटी उघडतात आणि विचारतात, "सर, स्किन कलर कुठला?" त्यांना तो फिक्या गुलाबी-नारिंगी रंगाचा खडू हवा असतो. वर्गातल्या पन्नास मुलांतल्या एकाचीही कातडी त्या रंगाची नसते, तरी आई, बाबा, शेतकरी, पोलीस, सगळे त्याच खडूनं रंगवतात. संडे स्कूलमध्ये त्याच खडूनं मोशे, दावीद, येशू. मुलांना कुणी असं शिकवलेलं नसतं. भिंतीवर जे बघत आली ते ती कागदावर उतरवतात. म्हणून त्या खोलीतल्या भिंतीचा प्रश्न मला भक्तीइतकाच शिक्षणाचाही वाटत होता, आणि अजून वाटतो.

नथ

डिसेंबरात आमच्या तरुण चित्रकारानं पहिला आराखडा आणला. मोठ्या कागदावर जलरंगात. मरीया नऊवारीत, पैठणीच्या काठाची, नाकात नथ, कपाळ मोकळं. मांडीवर बाळ. शेजारी मोठेपणीचा येशू भगव्या वस्त्रात पद्मासन घालून, डोळे मिटलेला. रेषा फार सुरेख होती. महिला मंडळातल्या बऱ्याच जणी विरघळल्या. हीच तर आपली मरीया, असं दोघीतिघी म्हणाल्याही.

एक मावशी मागून पुढे आल्या. मिरजेच्या इस्पितळात आया म्हणून चाळीस वर्षं काम केलेल्या. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि चित्रकाराला म्हणाल्या, "बाळा, चित्र ग्वाड काढलंस. पर ही कुणाची रं मरीया? माझ्या आजीला गावात नथ घालाय बंदी हुती. पैठणी तिनं लोकांच्या लग्नात लांबनं बघितली. आन ह्यो डोळं झाकून बसलाय, ह्येला माझा हात लागला तर चालंल का?"

त्या शेवटच्या वाक्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आमच्या मंडळीतली बहुतेक घरं पूर्वाश्रमीच्या महार-मांग वस्त्यांमधली. "आपल्यासारखा येशू" म्हणताना आपण म्हणजे कोण, हे आम्ही विचारलंच नव्हतं. परदेशी चेहरा काढून टाकला की आपोआप आपला चेहरा येतो असं नाही. त्या जागी गावातल्या वरच्या आळीचा चेहरा येऊन बसू शकतो, आणि तो इतका ओळखीचा असतो की खटकतही नाही. भारतीय ख्रिस्ती चिंतनात हा मुद्दा नवा नाही. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणातून दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात झाली असं मानतात. तोवरचं भारतीय ख्रिस्ती चिंतन उच्चवर्णीयांच्या परंपरेशीच बोलत राहिलं, हे त्यांचं दुखणं होतं. येशू स्वतः दलित होता असं त्यांनी पुढे मांडलं. मावशींनी निर्मळ वाचलेले नाहीत, त्या चित्र बघून तिथेच पोचल्या.

चित्रकार दुखावला नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणाला, "मावशी, मग आपल्या वस्तीतलाच येशू काढतो. लुंगी, बनियन, हातात घमेलं."

आता मला बोलावंसं वाटलं. घमेल्याला माझी हरकत नव्हती. येशू सुतारकाम करणाऱ्या घरातलाच होता. पण एक गोष्ट निसटत होती. तो यहूदी, म्हणजे ज्यू होता. ते त्याचं रूप, त्याची भाषा, त्याचे सण, त्याचं पवित्र शास्त्र, सगळं त्या लोकांचं. प्रत्येक देशानं त्याला आपला करावा यात प्रेम आहे. पण त्याचं यहूदीपण पुसून जेव्हा आपला केला गेला तेव्हा काय झालं, तेही जगानं बघितलंय. १९३९ मध्ये जर्मनीत आयझेनाख इथे प्रोटेस्टंट मंडळ्यांनीच एक संस्था काढली. तिचं काम होतं चर्चमधून, गीतांतून, बायबलमधून यहूदी खुणा खरवडून काढणं. येशू आर्य होता असं तिथले प्राध्यापक शिकवत होते. त्याच वर्षांत बाहेर त्याच्या रक्ताच्या लोकांचे जीव जात होते.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि ते मी आजही धरून आहे: चित्रात दोन्ही गोष्टी पाहिजेत. तो यहूदी होता, आणि तो आमच्यात वस्तीला आला. योहानाच्या पहिल्या अध्यायात मराठीत शब्दच तो आहे, वस्ती. नुसता त्याच्या गालील प्रांतातला दाखवला तर तो इतिहासाच्या पुस्तकातला माणूस होतो. नुसता सांगलीतला दाखवला तर आपण आरशात बघून नमस्कार केल्यासारखं होतं.

कुणीतरी विचारलं, यहूदी माणूस दिसतो तरी कसा? मराठी माणसानं हा प्रश्न विचारू नये खरं तर. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या अलिबागच्या बाजूला मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. बाजारात शेजारी उभे राहिले तर वेगळे ओळखू येणार नाहीत. २००१ मध्ये रिचर्ड नीव्ह यांनी बीबीसीसाठी पहिल्या शतकातल्या जेरुसलेम परिसरातल्या एका कवटीवरून चेहरा घडवला. ती कवटी येशूची नव्हे, त्या काळच्या तिथल्या कुठल्याशा माणसाची. रुंद तोंड, सावळी कातडी, आखूड कुरळे केस. तो चेहरा पडद्यावर आल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, हा तर हळदीच्या बाजारातला हमाल वाटतोय." हसू उठलं, पण ते आनंदाचं होतं.

आजी

इथवर सगळं जमत आलंय असं वाटत असताना आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्क आजी बोलल्या. नव्वदीला टेकलेल्या. त्या सहसा बोलत नाहीत.

लहानपणी त्या मिरजेच्या मिशन इस्पितळात कित्येक महिने होत्या. विल्यम वॉन्लेस यांनी १८९० च्या दशकात उभं केलेलं ते इस्पितळ. छातीचा आजार. घरचे शेतावर, कधी येणार, कधी नाही. समोरच्या भिंतीवर येशूचा फोटो होता.

"रातच्याला कंदील बारीक केला की बाकी काय दिसायचं न्हाई. त्येवढं एक त्वांड दिसायचं," आजी म्हणाल्या. "तो गोरा हाय का काळा, मला काय ठावं. मला वाटायचं ह्यो डाक्टरचा भाव हाय. डाक्टरबी गोराच हुता. त्यानं मला हात लावून तपासलं. गावातल्या वैद्यानं लांबनंच औषध टाकलं हुतं, पानात. तुम्ही म्हंता त्यो फोटू खोटा. आसंल. पर त्यानं मला जगीवलं."

माझ्या सगळ्या सनावळ्या एका बाजूला आणि हे एका बाजूला. त्या गोऱ्या चेहऱ्यामागे सत्ता होती, व्यापार होता, हे खरंच. आणि त्याच चेहऱ्याखाली एका पोरीला आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसानं विटाळ न मानता हात लावला, हेही खरं. आजींना मी काय दुरुस्त करणार होतो? तरुण संघातल्या मुलांनीही मान खाली घातली. त्या रात्री मी घरी जाऊन काच पुन्हा बघितली. ती मी टाकली नव्हती, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळंच थांबलं.

गोंडा

चित्राचा विषय चित्रकारालाच सुचला, टाळेबंदीत घरी बसून शुभवर्तमान वाचताना. त्यानं मला फोन केला तो रात्री अकराला. "सर, आजी आणि मावशी दोघीही एकच बोलल्या. हात लागण्याबद्दल. मत्तय नऊ बघा."

बारा वर्षं रक्तस्रावानं पीडलेली बाई गर्दीतून मागून येते आणि येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते. आपल्या मराठी बायबलात क्रियापद तेच आहे, शिवणे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू वळून विचारतो, माझ्या वस्त्रांना कोण शिवले? हा शब्द मराठीत साधा नाही. शिवाशिव त्यातच आहे. महिन्याच्या चार दिवसांत बाईला "शिवू नको" म्हणतात तेही त्यातच. यहूदी नियमशास्त्राप्रमाणे ती बाईही विटाळाचीच होती. इतर भाषांत त्या बाईनं स्पर्श केला. आपल्या भाषेत ती शिवली, आणि त्या एका शब्दात इथला सगळा इतिहास येऊन बसतो.

आणि गोंडा. गणना १५ मध्ये इस्राएल लोकांना वस्त्राच्या टोकांना गोंडे लावायला सांगितलंय, निळ्या दोऱ्याचे. येशूच्या अंगावरची यहूदीपणाची सगळ्यांत ठसठशीत खूण तीच. तिलाच ती बाई शिवली. मी इतकी वर्षं तो उतारा ऐकलाय, हे मला कधी दिसलं नव्हतं.

मग काम भराभर झालं. चार फूट बाय तीन फूट, प्लायवर, ॲक्रिलिकमध्ये. येशू मागे वळून बघतोय, केस आखूड, दाढी बारीक, अंगावर जाड विणीचं लोकरी वस्त्र. कातडीचा रंग मिळवायला आम्ही दोन दिवस घालवले. पिवळी माती, भाजलेली सिएना, थोडा अंबर. पांढरा शक्यतो टाळला, उजेड दाखवायला पिवळाच वापरला. भोवतीची गर्दी सांगलीची: डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, हळदीनं कपडे पिवळे झालेले हमाल, इस्पितळाच्या हिरव्या साडीतली आया, दप्तर घेतलेली मुलगी. बाई खाली वाकलेली, जुनेर लुगड्यात. चेहरा पदरात अर्धा. दिसतो तो हात.

हातासाठी आजी बसल्या. चित्रकारानं त्यांच्या दारात खुर्ची टाकली, दोरीला बांधलेला पंचा समोर टांगला आणि म्हणाला, आजी, ह्याचं टोक धरा. आजींनी दोन बोटांच्या चिमटीत धरलं, जेमतेम, सुटेल की काय असं. तो म्हणाला घट्ट धरा. आजी म्हणाल्या, "घट्ट कशाला? ती चोरून शिवली हुती." चित्रात तसंच आहे. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, फुगलेल्या शिरा, आणि बाकीची तीन बोटं मागे घेतलेली, जणू तेवढंही जास्त झालं.

२०२१ च्या फेब्रुवारीत चित्र लागलं. महिला मंडळानं जुन्या फोटोची छोटी प्रत मागवून आजींच्या खाटेजवळ लावली. दोन्ही असू देत, असं त्या म्हणाल्या. चित्र किती उंचावर लावायचं यावरही वाद झाला. पुराच्या रेघेच्या वर लावा म्हणणारे बरेच. पण मग मुलांना ते मान वर करून बघावं लागलं असतं. शेवटी खालीच लावलं, उचलून काढता येईल अशा आकड्यांवर. त्यामुळे झालं असं की गोंडा बरोबर पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाताशी आला, आणि येता-जाता मुलं त्याला शिवायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. एका घरानं मुलांना संडे स्कूलला पाठवणं बंद केलं. त्यांना येशू हमालांसारखा दिसतो याचा राग होता. "आपण शिकून वर आलो ते काय याच्यासाठी?" असं ते म्हणाले, आणि त्या रागामागची दुखरी जागा मला कळते. नाटकात पावडर लागलेली मुलगी आता कॉलेजात आहे. चित्र बघून ती छान आहे म्हणाली, आणखी काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. आणि ते निवृत्त शिक्षक वडील त्या खोलीत पाऊल टाकेनात. मूर्तीच ती, हमालाची केली म्हणून काय झालं, असं म्हणायचे. मुलांनी गोंड्याला हात लावण्यावर तर त्यांचा विशेष रोख होता. माझ्याकडे त्यावर पटण्याजोगं उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही.

जुलैत पुन्हा पूर आला. पुलाजवळचं पाणी चाळीसच्या पुढे सरकतंय कळल्यावर आम्ही आधी पेटी, मग पुस्तकं, मग चित्र काढलं. जवळपास वरचा मजला असलेलं घर एकच होतं, त्या वडिलांचं. चित्रकार टेम्पोत चित्र धरून उभा, मी त्यांच्या दारात. विचारायचं कसं ते मला कळेना. त्यांनी माझ्या खांद्यावरून टेम्पोकडे बघितलं, म्हणाले, "भिजतंय ते. आणा वर."

पाणी ५० फुटांच्या वर गेलं आणि ओसरलं. तीन आठवड्यांनी खोली धुऊन, वाळवून आम्ही चित्र न्यायला गेलो. वरच्या खोलीत ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. खाली लाकडी पाट, वर धुतलेली पांढरी चादर, सुतळीनं बांधलेली. त्यांच्या पत्नीनं चहा दिला. ते खुर्चीत बसून होते. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी चित्र उचललं तेव्हा ते म्हणाले, "सर, गोंड्याचा रंग निघालाय. खालच्या दोन दोऱ्यांचा. निळा. लावून घ्या."